जरा पाणी पिऊन दाखवा

माझं दुखणं छातीच्या तळाशी होतं, पण घास कुठे अडकतो असं डॉक्टरांनी विचारलं की माझं बोट जायचं गळ्याच्या खळगीवर. तिथेच अडकल्यासारखं वाटायचं, मग बोट दुसरीकडे कुठे ठेवणार? त्यामुळे ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी गळाच तपासला. जीभ बाहेर काढायला लावून, टॉर्च मारून, नाकातून बारीक कॅमेरा घालून. गळ्यात काही नव्हतंच, तेव्हा सापडणार काय? अन्ननलिकेच्या पार खालच्या टोकाला अडथळा असला तरी कित्येकांना तो वर गळ्याशीच जाणवतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. उलटं सहसा होत नाही म्हणे. गळ्यातला अडथळा छातीत जाणवत नाही, छातीतला मात्र गळ्यात जाणवतो.

मी मोहोळ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि सोलापुरात राहते. शाळेत पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखायची असते. चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची. ते काम माझ्याकडे होतं. दोन घासांचं काम, पण ते दोन घास खाली उतरेनासे झाले. घास गिळायचा, तो गेला असं वाटायचं आणि दोन-चार सेकंदांनी मध्येच कुठेतरी थांबायचा. वरून पाणी प्यावं तर पाणीही त्याच्यावर साचून राहायचं. मग खाली मान घालून भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. कधी आपोआप उतरायचं, कधी नळापाशी जाऊन ओकून टाकावं लागायचं. आणि एखादा दिवस असा यायचा की डबा सगळा संपायचा, काही म्हणजे काही व्हायचं नाही. या चांगल्या दिवसांनीच घोळ घातला. आज जातंय म्हणजे आत बिघाड नाही, असं मलाही वाटायचं आणि घरच्यांनाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. छातीत जळजळतं, घशाशी येतं, शिक्षिका आहात, वेळेवर जेवण नाही, सकाळची एसटी पकडायची घाई. पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून कॅमेरा घालून स्वरयंत्र दाखवलं, पडद्यावर माझं मलाच. घसा जरा लाल आहे, बाकी स्वच्छ आहे, बोलण्याचा ताण आहे, म्हणाले. मानेची सोनोग्राफी झाली. त्यात थायरॉईडमध्ये एक बारीक गाठ निघाली. तिचा माझ्या गिळण्याशी काडीचा संबंध नव्हता, पण गाठ हा शब्द ऐकल्यावर घरात कुणाला झोप लागते? तिच्यामागे बराच वेळ आणि पैसा गेला. हिमोग्लोबिनही तपासलं. रक्तातलं लोह फार कमी झालं तर बायकांमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा धरतो आणि गिळायला त्रास होतो, म्हणून ते बघतात. माझं ठीक होतं.

घरचे उपाय चालूच होते. पडजीभ उतरली असेल, कुणाकडून तरी उचलून घे, असं सासूबाईंचं मत. ज्येष्ठमध चघळून झालं, सुंठ-गूळ झाला, मीठ-मोहऱ्यांनी नजर उतरवून झाली. जेवताना ठसका लागला की त्या म्हणायच्या, कोणीतरी आठवण काढतंय गं. एवढी आठवण माझी माहेरीसुद्धा कुणी काढत नसेल.

त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या एका मॅडमना घशात गोळा असल्यासारखं वाटायला लागलं होतं. आम्ही दोघी मधल्या सुट्टीत एकमेकींना लक्षणं सांगायचो आणि आपलं दोघींचं एकच आहे असं समजायचो. तसं नव्हतं. त्यांचा गोळा रिकाम्या वेळी असायचा. वर्गात बसल्या, पेपर तपासताहेत, की गोळा. आवंढा गिळला की जास्तच. पण भाकरी-कांदा खायला बसल्या की गोळा गायब. एक घास अडला नाही त्यांचा कधी. माझं बरोबर उलटं होतं. एरवी फारसं काही नाही, ताट पुढे आलं की सुरू. या एका फरकावर सगळी दिशा ठरते, हे आता कळतं. नुसता गोळा जाणवतो पण अन्न-पाणी बिनबोभाट जातं, वजन टिकून आहे, आवाज बसलेला नाही, दुखत नाही, रक्त पडत नाही, एकाच बाजूला टोचत नाही, तर बहुतेक वेळा आत काही निघत नाही. डॉक्टरांनी एकदा नीट बघून काही नाही म्हणून सांगितलं की त्यानेच अर्धं बरं वाटतं. त्या मॅडमचं तसंच झालं. मात्र अन्न खरोखर अडत असेल तर नुसत्या धीराच्या शब्दांवर थांबायचं नसतं. मला मात्र धीराचे शब्दच मिळत गेले.

माझं जेवण हळूहळू बदलत गेलं आणि ते इतकं सावकाश की मलाच पत्ता लागला नाही. आधी शेंगाचटणीबरोबरची कडक भाकरी सुटली. मग पोळी. मग मी सगळ्यांचं झाल्यावर एकटी स्वयंपाकघरात जेवायला लागले, कारण माझं जेवण म्हणजे तासभराचा खेळ. चार घास, मग उठून उभं राहायचं, पाठ मागे वाकवायची, दोन्ही हात वर ताणायचे, एक मोठा श्वास घेऊन दाबून धरायचा, की गुडूप असा आवाज होऊन सगळं खाली जायचं. गार पाण्याने जास्त अडायचं, कोमट पाण्याने कमी. फ्रिजचं पाणी मी कधीच बंद केलं होतं. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती, अंगानेच शोधली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या आजाराचे पुष्कळ रुग्ण हेच करतात. गार पाण्याने अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप आणखी आवळते, कोमटाने जरा सैल पडते.

लग्नाच्या पंगतीत बसणं बंद झालं. उपवास आहे म्हणून सांगायचे. वर्षातले इतके उपवास मी जन्मात केले नव्हते. वजन दहा-बारा किलोंनी उतरलं आणि हळदीकुंकवाला बायका विचारायला लागल्या, काय हो, जिम लावली का? कसलं डाएट करता? वजन उतरलं म्हणून कौतुक होतं, पण कशामुळे उतरलं ते कुणी विचारत नाही. बाईच्या बाबतीत तर नाहीच.

रात्र सगळ्यात वाईट. आडवं झालं की खोकला. कधी जाग यायची तेव्हा उशी ओली असायची, पांढरा फेसाळ चिकट पदार्थ आणि त्यात संध्याकाळी खाल्लेला भात, शितं मोजता येतील असा. तो आंबट लागायचा नाही की कडू नाही. जसा खाल्ला तसा. रात्रीच्या खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे झाला, दम्याचा पंप झाला. भात आंबट का लागत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मला तरी कुठे पडला होता? जठरात जाऊन परत आलेलं अन्न आंबट असतं. हे जठरापर्यंत पोचतच नव्हतं.

शेवटी सोलापुरातच दुर्बिणीची तपासणी झाली. घशात फवारा मारला, कडवट, जीभ जड झाली. तोंडात प्लॅस्टिकचं बोळकं दिलं, डावीकडे वळवून झोपवलं आणि नळी आत गेली. वाटतं तितकं भयंकर नसतं. दोन मिनिटं उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं, संपतं. कॅन्सर नाही, हे त्या दिवशी कळलं आणि आमचे हे दवाखान्याच्या पायऱ्यांवर मटकन बसले. बायोप्सीही चांगली आली. रिपोर्टच्या शेवटी नॉर्मल असं लिहिलं होतं. नॉर्मल रिपोर्ट आणि तरी त्रास, म्हणजे मग मनाचं. कमी ताकदीची एक गोळी रात्रीची सुरू झाली, तिने झोप येते आणि गोळाही कमी होतो म्हणे. झोप आली खरी. भात उशीवर येतच राहिला, फक्त आता मला उशिरा जाग येऊ लागली.

भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला पुण्याला गेलो तेव्हा त्याने मला जेवताना बघितलं. म्हणजे मी मागच्या अंगणात हात वर करून उभी होते तेव्हा. त्याने जास्त काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीची पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन टाकली.

हे डॉक्टर तरुण होते. फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि नर्सला पाण्याचा ग्लास आणि पारले-जीचा पुडा आणायला सांगितला. म्हणाले, ‘मॅडम, जरा पाणी पिऊन दाखवा.’ इतक्या जणांनी माझ्या घशात डोकावून बघितलं होतं, पण मला गिळताना कुणी बघितलं नव्हतं. मी तीन-चार घोट प्याले, बिस्किटाचा तुकडा खाल्ला, पुन्हा पाणी. ते घड्याळाकडे आणि माझ्याकडे बघत बसले. मी सवयीने खुर्चीतून उठले आणि पाठ ताणली. ‘हे असं रोज करता?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

मग प्रश्न. गिळायला सुरुवात करतानाच अडतं, नाकातून येतं, लगेच ठसका लागतो, की गिळून झाल्यावर मग अडतं? सुरुवातीलाच अडलं तर बिघाड घशात किंवा मेंदूकडून येणाऱ्या नसांमध्ये शोधायचा, पक्षाघात झालेल्यांचं असं होतं. नंतर अडलं तर अन्ननलिकेत. माझं नंतर. आधी भाकरी अडायला लागली आणि मग कधीतरी पाणी, की दोन्ही पहिल्यापासून? हा प्रश्न त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा विचारला. आधी फक्त घट्ट अन्न, मग मऊ, मग पातळ, असं चढत जात असेल तर नळी आतून अरुंद होत चाललेली असते आणि तिथे गाठीचा विचार आधी करावा लागतो, तोही तातडीने. पाणी आणि भाकरी दोन्ही सुरुवातीपासून, कधी कमी कधी जास्त, असं असेल तर नळीची जागा ठीक असते, तिची हालचाल बिघडलेली असते. मी आठवून सांगितलं, पाणी पहिल्यापासूनच. खिचडीवर पाणी साचायचं, ते.

त्यांनी चार गोष्टींना गुण दिले: गिळायला अडणं, अन्न उलट येणं, छातीत दुखणं, वजन घटणं. प्रत्येकी शून्य ते तीन. माझे बारापैकी नऊ आले. शाळेत कुणाला बारापैकी नऊ पडले तर मी शाबासकी देते.

सोलापूरचा रिपोर्ट त्यांनी उलगडला आणि नॉर्मलच्या वरच्या एका ओळीवर पेन टेकवलं. अन्ननलिकेत थोडा फेसाळ द्रव, खालचं तोंड किंचित घट्ट, नळी जरा दाबून जठरात गेली. ‘हे नॉर्मल नाही,’ म्हणाले. ‘पण हा आजार दुर्बिणीत सुरुवातीला दिसतोच असं नाही. दुर्बीण जागा दाखवते, हालचाल दाखवत नाही.’ ती ओळ आमच्या कपाटात कितीतरी महिने पडून होती.

बेरियमची तपासणी त्याच आठवड्यात झाली. एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं करतात आणि हातात पांढऱ्या द्रवाचा पेला देतात. खडूची पूड पाण्यात कालवून प्यावी तसं लागतं, आणि खडूची चव मला चांगली माहीत आहे. पिऊन झाल्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला फोटो. धडधाकट माणसाचं पहिल्या मिनिटातच जवळपास सगळं उतरून जातं. माझ्या पाचव्या मिनिटाच्या फोटोत पांढरा खांब छातीत उभाच होता, आणि खाली जठराच्या तोंडाशी एकदम निमुळता. याला पक्ष्याची चोच म्हणतात आणि ती खरोखर तशीच दिसते. आमच्या ह्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. इतके दिवस मनाचं मनाचं म्हणत होतो ते मनाचं नव्हतं, हे त्यांनाही तिथे दिसलं.

आजाराचं नाव अकलेशिया. आपण घास गिळला की अन्ननलिकेत वरून खाली एक लाट येते आणि त्याच वेळी खालची झडप सैल होते. झडपेला सैल हो म्हणून सांगणाऱ्या ज्या मज्जापेशी नळीच्या भिंतीत असतात, त्या या आजारात मरतात. मग लाट येत नाही आणि झडप उघडत नाही. का मरतात याचं पक्कं उत्तर नाही, शरीराची संरक्षणयंत्रणाच त्यांच्यावर उलटत असावी असा अंदाज आहे. दरवर्षी लाखात साधारण एकाला होतो, बाई-पुरुष सारखेच. आपल्या गावातल्या डॉक्टरांनी तो आयुष्यात एखाद-दोनदाच पाहिलेला असणार, म्हणून त्यांच्यावर माझा फार राग नाही. आजार मात्र जुना आहे. १६७४ साली थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टराने असा एक रुग्ण नोंदवून ठेवलाय. त्याने त्या माणसाला देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंजचा गोळा लावून दिला, आणि तो माणूस पुढे कित्येक वर्षं रोज जेवताना ती काडी घशातून घालून अन्न जठरात ढकलत जगला. माझी हात वर करायची युक्ती त्यापेक्षा सभ्यच म्हणायची.

बेरियमने संशय पक्का झाला तरी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी, लागते. ही तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून मुद्दाम थोडं सविस्तर सांगते, कारण जायच्या आधी मी फार घाबरले होते. पहाटेच्या हुतात्माने पुण्याला गेलो. रात्रीपासून पोटात काही नाही. भूल देत नाहीत, कारण गिळायचं काम तुम्हालाच करायचं असतं. एका नाकपुडीत बधिर करणारी जेली लावतात आणि शेवयांपेक्षा थोडी जाड अशी नळी नाकातून जठरापर्यंत सारतात. नळीवर एकेक सेंटिमीटरवर दाब मोजणारे सेन्सर असतात. नळी घशातून उतरते तेव्हाचा एक मिनिट अवघड. तिथल्या तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, ‘हनुवटी छातीला लावा, आणि मी पाणी देईन ते गिळत राहा, नळी आपोआप जाईल.’ तशी ती गेली. मला झडपेशी ती अडलेली कळली. ताईंनी जरा थांबून पुन्हा सारली.

मग उताणं झोपवून सिरिंजने तोंडात पाच मिली पाणी. एकदा गिळायचं आणि पुढचं अर्धं मिनिट आवंढाही गिळायचा नाही. असं दहा वेळा. नळी नाकात असताना आवंढा न गिळणं हेच खरं कठीण काम. तोंडात लाळ साचते, डोळे भरून येतात, आणि ताई शांतपणे म्हणत असतात, ‘नाही गिळायचं, नाही गिळायचं, हं, आता.’ पडदा माझ्या बाजूला वळवलेला होता. कमी दाब निळा, जास्त दाब तांबडा. नेहमीच्या माणसाच्या गिळण्यात वरून खाली तिरका तांबडा पट्टा उतरतो, हे त्यांनी आधी एका जुन्या तपासणीवर दाखवलं होतं. माझ्यात तो तिरका पट्टा नव्हताच. गिळलं की अख्खी नळी वरपासून खालपर्यंत एकाच क्षणी उभी पिवळी-हिरवी व्हायची, आणि तळाची तांबडी रेघ तशीच्या तशी, जराही न विरळ होता. त्या झडपेचा सैल झाल्यावरचा दाब त्यांच्या यंत्रावर १५ च्या आत असायला हवा. माझा २८ होता. अकलेशियाचे तीन प्रकार आहेत. माझा दुसरा, आणि तिन्हींत उपचारांना सगळ्यात चांगली दाद देणारा. नशिबाचा भाग.

मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत, त्यामुळे सगळे उपचार एकच काम करतात: ती झडप सैल करणं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं आणि डोकं ठणकतं. बोटॉक्सचं इंजेक्शन काही महिने टिकतं. ते वयस्कर किंवा भूल न झेपणाऱ्या माणसांसाठी. फुगा आत नेऊन फुगवतात आणि झडपेचे स्नायू ताणून तोडतात. तो ३० मिलिमीटरच्या फुग्यापासून सुरू करतात, पुन्हा करावा लागू शकतो आणि नळी फाटण्याचा थोडा धोका असतो. पोटातून करायची शस्त्रक्रिया एर्न्स्ट हेलर या जर्मन सर्जनने १९१३ साली पहिल्यांदा केली, ती आता पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून होते. आणि पोएम. ती जपानमध्ये हारुहिरो इनोवे यांनी २००८ साली माणसावर पहिल्यांदा केली. यात बाहेरून कुठेच कापत नाहीत. तोंडातून दुर्बीण, अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला एक छोटी चीर, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून खाली जठरापर्यंत बोगदा, आणि त्या बोगद्यातून स्नायूचे आवळणारे धागे कापत जायचं. शेवटी चिरेला क्लिपा लावायच्या. त्या काही दिवसांनी आपोआप गळून शौचावाटे जातात.

डॉक्टरांनी बाजू दोन्ही सांगितल्या, हे मला आवडलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत दोन वर्षांनंतर पोएम झालेल्यांपैकी ८३ टक्के आणि हेलर झालेल्यांपैकी जवळपास ८२ टक्के लोकांचं गिळणं सुधारलेलं होतं. म्हणजे सारखंच. पण आम्लामुळे अन्ननलिकेला सूज पोएमवाल्यांत ४४ टक्क्यांना आणि हेलरवाल्यांत २९ टक्क्यांना. हेलरमध्ये जठराचा थोडा भाग वळवून आम्ल अडवणारी घडी घालतात, पोएममध्ये तशी घडी नसते. मी पोएम निवडली. पोटाला भोक नको आणि शाळेला जास्त दिवस बुट्टी नको. आमच्याकडे हैदराबादचा पर्यायही चर्चेत होता, सोलापूरहून ते पुण्याच्या फार पुढे नाही आणि शेजारच्या पद्मशाली काकूंचे निम्मे नातेवाईक तिकडे आहेत. शेवटी भावाचं घर जिंकलं.

आधीचे काही दिवस नुसतं पातळ. वरणाचं पाणी, शहाळं, सरबत. भूल देताना साचलेलं अन्न फुफ्फुसात जाऊ नये म्हणून नळी रिकामी लागते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचं मला काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा छातीच्या मध्यभागी दुखत होतं आणि गळ्याची कातडी दाबली की आत बारीक कुरकुर वाजत होती. मी घाबरून नर्सला बोलावलं. शस्त्रक्रियेत वापरलेला कार्बन डायऑक्साइड कातडीखाली शिरतो, तो आपोआप जिरतो, एवढं सांगून ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रेपुढे उभं केलं, या वेळी पातळ रंगहीन औषध पाजून. नळी कुठे गळत नाही ना, ते बघतात. मी पडद्याकडे बघत होते. घोट घेतला आणि तो थांबला नाही. मी तंत्रज्ञांना विचारलं, गेला? ते म्हणाले, केव्हाच.

गिळणं परत आलं याचा अर्थ सगळं पूर्ववत झालं असा नाही, हे मात्र रुग्णांना नीट सांगितलं जात नाही असं माझं मत झालंय. लाट परत येत नाही. अन्न आता केवळ स्वतःच्या वजनाने खाली जातं. म्हणून ताठ बसून जेवायचं, घासागणिक पाणी, आणि जेवणानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. सुरुवातीला खिमट, गुरगुट्या भात, मुगाचं वरण. मग आमटीत कुस्करलेली भाकरी. गंमत अशी की कडक भाकरीचा मला आता त्रास नाही, ती चावली की भुगा होते. त्रास होतो तो मऊ पावाचा आणि नानचा. त्यांचा आत गोळा बनतो आणि तो चिकटतो. आणि इतकी वर्षं जिच्या गोळ्या खाल्ल्या ती अ‍ॅसिडिटी मला आता खरोखर झाली आहे, कारण झडप उघडीच. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, चुकवायची नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. नुसत्या उश्या रचून उपयोग होत नाही, कंबरेत वाकतं आणि पोटावर दाब येतो. पलंग उतरता झाल्यामुळे आमचे हे रात्री पायथ्याकडे घसरतात आणि सकाळी माझ्या नावाने बोटं मोडतात. सासूबाईंना घरात विटांवर काही ठेवणं अशुभ वाटतं, पण त्यांनी तो विषय सोडून दिला. वर्षानंतरच्या दुर्बिणीत अगदी हलकी सूज निघाली, पहिल्या पायरीची. या आजारात पुढे कधीतरी अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो, म्हणून अधूनमधून बघत राहायला सांगितलंय.

गळ्यातला गोळा लगेच गेला नाही. अन्न व्यवस्थित उतरत होतं आणि गोळा होताच, आता त्या मॅडमसारखा, रिकाम्या वेळचा. तेव्हा कान-नाक-घशाचे डॉक्टरही अगदीच चुकले नव्हते. इतक्या दिवसांत सारखं खाकरण्याची आणि कोरडा आवंढा गिळण्याची सवय लागली होती, आणि कोरडा आवंढा जितका गिळाल तितका गोळा घट्ट जाणवतो. स्पीच थेरपिस्टकडे काही वेळा गेले. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा छोटा घोट, जांभई दिल्यासारखं घसा सैल करणं, वर्गात ओरडून न बोलणं. शेवटचं सोडून सगळं जमलं. काही महिन्यांत गोळा विरत गेला, मध्येच परीक्षेच्या दिवसांत डोकावतो.

राहिलं ते वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल. त्यावर शेरा आला की रुग्णाच्या अंगावर टाके किंवा छेद असल्याची नोंद कागदपत्रांत आढळत नाही, सबब शस्त्रक्रिया झाल्याबाबत खुलासा करावा. मी डॉक्टरांचं पत्र जोडलं, क्लिपांचे फोटो जोडले, आधीच्या आणि नंतरच्या बेरियमच्या फिल्म जोडल्या. पुढच्या खेपेला तिथल्या भाऊसाहेबांनी दोन्ही फिल्म ट्यूबलाइटपुढे धरून बघितल्या आणि मला विचारलं, मॅडम, माझ्या बायकोला पण घशात गोळा वाटतो, तुमचे ते डॉक्टर कुठले? मी विचारलं, जेवताना की एरवी? जेवताना नाही, एरवीच, ते म्हणाले. मग आधी इथेच घशाच्या डॉक्टरांना दाखवा, म्हटलं, पुण्याला जायची घाई नको. फाइल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.